टेलिफोन ऑफिसातली बाई

बाळंतपणासाठी मी माहेरी, देवळाली प्रवराला आले तेव्हा बॅगेत दुपट्यांच्या खाली चार पुस्तकं लपवून आणली होती. ओल्या बाळंतिणीनं वाचू नये, डोळे जातात, असं आमच्याकडे मानतात आणि माझी आई असलं सगळं पाळणारी. मुलगी झाली, दवाखान्यातून आम्ही घरी आलो आणि कपड्यांच्या घड्या घालताना आईला पुस्तकं सापडली. ती रागावली नाही. तिनं ती उचलून लोखंडी कपाटावर, पार मागं सारून ठेवली. माझे टाके अजून ओले होते, स्टुलावर चढण्याचा प्रश्नच नव्हता.

मग मी मिळेल ते वाचू लागले. डिंक ज्या कागदात बांधून आला होता तो कागद. कॅल्शियमच्या गोळ्यांच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूची राशिभविष्यं आणि उपवासाचे पदार्थ. वडिलांकडे शेतीचं एक मासिक यायचं, त्यातला उसावरच्या हुमणी किडीचा लेख तर मला पाठ झाला. मोबाईल होता, पण त्याचा उजेड बाळाच्या डोळ्यांवर नको म्हणून आई तो उचलून न्यायची. बाळाला पाजताना भिंतीकडे बघत एका जागी बसून राहावं लागायचं. त्या वेळात माझ्याशी कुणीतरी बोलावं असं मला फार वाटे. घरात सगळे बाळाशी बोलत.

एका दुपारी डिंकाचा तोच कागद मी पुन्हा उलगडून बसले असताना आई शेगडी घेऊन आत आली. कागद लपवायला जागा नव्हती. तिनं शेगडी बाजेखाली सारली, ओवा टाकला आणि माझ्या पायाशी बसली.

"काय लिव्हलंय त्यात?"

"जुना पेपर आहे. कुठल्याशा सत्काराची बातमी."

"वाच."

मी वाचली. प्रमुख पाहुणे, आभार प्रदर्शन, सगळं. आईनं ते एखादी पोथी ऐकावी तसं ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "तुझ्या वेळंला मी न वाचता ऱ्हायले. तरी कुठं ऱ्हायले डोळे."

आईला साखरेचा आजार आहे. त्यानं तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे. माणसं ओळखू येतात, सुईत दोरा ओवता येत नाही आणि छापलेल्या ओळी एकात एक शिरतात. हे मला ठाऊक होतं. तिच्या वाचण्याचं काहीच ठाऊक नव्हतं. आईच्या हातात मी कधी पुस्तक पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती वाचत नाही असंच मी धरून चालले होते.

मग तिनं सांगितलं. तिचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळीनंतर तिथलं निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं, गल्ल्या रिकाम्या होतात. माझा जन्म झाला तेव्हा ती त्या रिकाम्या गावात महिनाभर बाजेवर होती. शाळेतल्या बाईंनी तिला एक कादंबरी वाचायला दिली होती. ती तिनं जवळजवळ संपवत आणली आणि मग आजीच्या लक्षात आलं.

"आयनं पुस्तक घेतलं आन् बाईंकडं धाडून दिलं. मीबी काय बोलले न्हाई. डोळं जात्यात म्हणल्यावर काय बोलायचं. पुढं हिकडं आले, मग ऱ्हायलंच."

"कोणतं पुस्तक होतं?"

"नाव न्हाई ध्यानात. पुट्ठा फाटलेला हुता."

गोष्ट मात्र तिला स्वच्छ आठवत होती. एक तरुण विधवा भावाच्या घरी राहते. तालुक्याच्या गावी तिला टेलिफोन ऑफिसात नोकरी लागते. कानाला यंत्र लावून ती लोकांचे फोन जोडून देते, कुणाच्या घरी काय चाललंय ते तिला सगळं ऐकू येतं आणि तिला स्वतःला मात्र कधीच कुणाचा फोन येत नाही. मग लांब कुठंतरी तिची बदली होते. भावाला ते पसंत नसतं. ती न सांगता पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर येते. गाडी लागलेली असते आणि तेवढ्यात भाऊ येताना दिसतो.

"आन् मग?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मग काय. तितंच घेतलं ना आयनं."

वडील ओट्यावर बसून हे ऐकत होते. त्यांचं वाचन म्हणजे रोजचा पेपर आणि तो हुमणीचा लेख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुस्तक घेऊन आले. गावातल्या वाचनालयाचे ते सभासद झाले होते.

"बाईची गोष्ट पाहिजे म्हणलो, जुनी. त्यानं हे दिलं."

तो एका राणीच्या आयुष्यावरच्या कादंबरीचा दुसरा भाग होता. पहिला तिथं नव्हताच. आई आणि मी दोघी हसलो, पण वाचायला काहीतरी मिळालं होतं आणि आता आईनं नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं. माझी कपाटावरची चार पुस्तकंही तिनं स्वतःच खाली काढली. दुपारी भांडी आवरली की ती पदराला हात पुसत येई, बाळाला मांडीवर घेई आणि मी वाची. मी चष्मा लावून, कानाला फडकं बांधून, आणि ती डोळे मिटून.

वडील पुस्तक बदलून आणत राहिले. डॉक्टर बाईची कादंबरी आली. घाटातल्या खुनाची गोष्ट आली. एकदा मुखपृष्ठावर पांढऱ्या साडीतली केस मोकळे सोडलेली बाई असलेला भयकथांचा संग्रह आला. "हिच्यातबी बाई हाय," ते म्हणाले. तो आम्ही वाचला. आईला सगळ्यांत जास्त तोच आवडला आणि भुतापेक्षा त्याच्या सासरच्या माणसांची तिला जास्त भीती वाटली. एका माणसानं नदीच्या काठानं केलेल्या लांबच्या प्रवासाचं पुस्तक आलं. त्यातलं पाण्याचं वर्णन वाचताना मला रडू फुटलं. मला साधं अंगणापर्यंत जायची मोकळीक नव्हती. आईनं कारण विचारलं नाही. म्हणाली, "हुतं असं. वाच पुढं."

एका परिचारिकेच्या आठवणींचं पुस्तक मात्र तिनं मध्येच थांबवलं. त्यात नुकतंच जन्मलेलं मूल दगावतं. मी ते वाचत होते आणि माझा आवाज बदलला तसा तिनं हात पुढं करून पुस्तक मिटलं. "हे नको. हे घरातबी नको." पुढं ती न्हाणीघरात असताना मी ते चोरून पूर्ण केलं आणि नंतर कितीतरी दिवस बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास जाणवतोय का ते बघत राहिले.

मोबाईलवरच्या वाचकांच्या एका गटात मी ती टेलिफोनची गोष्ट लिहून टाकली. ओळखीची वाटते असं बऱ्याच जणांनी लिहिलं. नाव कुणीच सांगितलं नाही. मला तोवर त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. शोधापेक्षा त्या दुपारीच मला प्रिय झाल्या होत्या. आई मध्येच थांबवून काहीतरी सांगे, तिच्या शाळेतलं, लग्नाआधीचं, आणि मला वाटे, ही बाई इतकी वर्षं याच घरात होती, आणि मी पुस्तकांवर बोलायला पुण्यात मैत्रिणी शोधत हिंडले.

सव्वा महिना भरत आला होता. वडील ट्रॅक्टरच्या कामासाठी नगरला गेले आणि दिवेलागणीला परतले ते हातात तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक घेऊन. तिथल्या जुन्या वाचनालयात त्यांनी सगळी गोष्ट उभ्या उभ्या सांगितली होती आणि तिथल्या माणसानं मागच्या कपाटातून हे काढून दिलं होतं.

"पहिल्याच पानावर टेलिफोन हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "गाडीत थोडं वाचलं मी. तीच दिसती."

वडिलांनी गाडीत बसून कादंबरी वाचली, याचं मला त्या पुस्तकापेक्षा नवल वाटलं. आईला बहुतेक दोन्हींचं वाटलं असावं. तिनं पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि परत दिलं.

तीच कादंबरी होती. पुढच्या काही दुपारी मी वाचत होते आणि आई काही ठिकाणी माझ्या आधी वाक्य म्हणत होती. टेलिफोन ऑफिसातल्या शिपायाचा खोकला, भावजयीनं लपवून ठेवलेली साखर, सगळं तिच्या आठवणीत जिथल्या तिथं होतं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एस.टी. स्टँड आला. ट्रंक, लागलेली गाडी, रस्त्यानं येणारा भाऊ.

"हितं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "उद्या वाचू."

दुसऱ्या दिवशी तिला भांडी आवरायला फार वेळ लागला. मग आली, बाळाला घेतलं आणि बसली.

उरलेली पानं थोडीच होती. भाऊ येतो. तो रागावत नाही. बायको आजारी आहे, पोरं उपाशी आहेत, एवढंच सांगतो आणि ट्रंक उचलतो. ती त्याच्या मागोमाग चालू लागते. गाडी सुटल्याचा आवाज तिला मागून ऐकू येतो. शेवटच्या प्रकरणात ती भाचरांना पाढे शिकवते आहे आणि लेखकानं तिच्या त्यागाविषयी बरंच काही लिहिलं आहे. ते मी भराभर वाचून टाकलं.

मी पुस्तक मिटलं. आई बाळाकडं बघत होती.

"इतकंच?"

"इतकंच."

"ट्रंक माघारी नेली?"

"हो."

तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटलं ती गेली आसंल. भाकरी थापताना मी तिला कुठं कुठं नेऊन आणलं."

हे ती सहज म्हणाली, तक्रार केल्यासारखंही नाही. त्याच वेळी विचारायला हवं होतं. कुठं नेलं होतंस, तिथं ती काय करायची, तिला कुणाचा फोन आला का. पण बाळ रडायला लागलं, मी त्याला घेतलं, आई उठून चहा ठेवायला गेली आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा फोन आला, तो गाडी घेऊन परवा येणार होता. मग आवराआवर सुरू झाली. लाडवांचे डबे, बाळाची बाळगुटी, गुंडाळून ठेवलेली दुपटी. वडील पुस्तकं परत करून आले. निघताना आईनं माझी दृष्ट काढली, बाळाची काढली, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत दोघं फाटकाशी उभी होती.

पुण्यात आल्यावर रोज दुपारी फोनवरून तिला काहीतरी वाचून दाखवायचं असं मी ठरवलं होतं. सुरुवातीला थोडे दिवस जमलं. पण बाळ मध्येच उठायचं, तिकडे कुणीतरी यायचं, फोनवर आवाज तुटायचा आणि ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तू झोप जरा." मग माझी रजा संपली. तिच्या मोबाईलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली, तर ती म्हणाली, त्यातली बाई थांबतच नाही, मधी काही बोलावं म्हटलं तर पुढं निघून गेलेली असते. दरम्यान तिच्या एका डोळ्याचं दिसणं आणखी कमी झालं.

पाडव्याच्या सुमाराला एकदा बोलता बोलता मी विचारलं, "आई, त्या टेलिफोनवाल्या बाईला तू कुठं कुठं नेलं होतंस?"

"कुणाला?" मग तिला आठवलं. "ती व्हय."

मी वाट पाहिली.

"काय की गं. आता आठवाया बसले तर ती भावाच्या मागं चाललेली दिसती. दुसरं काय येत न्हाई डोळ्यापुढं."

"एखादी तरी गोष्ट सांग. थोडीशी."

"लई हुत्या. एका ठिकाणी समुद्र हुता, येवढं खरं."

आईनं समुद्र पाहिलेला नाही. तो तिनं कसा उभा केला असेल, कुठल्या ऐकलेल्या वर्णनातून, कुठल्या चित्रातून, हे मी त्या दुपारी चहा बाजूला ठेवून विचारलं असतं, तर तिनं नक्की सांगितलं असतं. तेव्हा ते सगळं ताजं होतं. वडिलांनी हौसेनं आणलेला आणि मी हौसेनं वाचलेला तो शेवट त्यावर बसला आणि खालचं सारं पुसून गेलं. तिची गोष्ट त्या लेखकाच्या गोष्टीपेक्षा चांगली होती याची मला खात्री आहे, पण ती दाखवायला माझ्याकडे काही नाही.

फोन चालूच होता. आईनं विचारलं, पोरगी रांगायला लागली का. मी म्हटलं, अजून नाही, पोटावर सरकते, आणि कुठं कुठं जाऊन अडकते ते तिला सांगत बसले.