पाच वर्षांचा हात

हातवाल्या बाई कोणत्याही खोलीत शिरल्या की आधी उकिडव्या बसत. पदर कमरेला खोचून, डोळे पोराच्या उंचीवर आणून चारही भिंती न्याहाळत. माझे मिस्त्री गमछ्यात तोंड लपवून हसत. बाई सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेल्या, बालाघाटातच राहायच्या. भरवेलीच्या खाणकामगारांच्या वस्तीत त्यांनी छुट्टीघर बांधायचं मनावर घेतलं होतं. शाळेची छुट्टी झाल्यापासून आईबापाची पाळी सुटेपर्यंत पोरांनी थांबायचं घर, म्हणून छुट्टीघर. नकाशा त्यांचा, ठेका माझा.

विटा वाहण्यापासून सुरुवात करून मी ठेकेदार झालो होतो आणि स्वतःच्या नावावरचं हे माझं पहिलं काम होतं. ते बिघडलं असतं तर गावानं मला पुन्हा थापी धरायला लावली असती.

भाव केल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही. बाईंपुढे मात्र माझा भाव चालत नसे. मला टिनाचं छप्पर हवं होतं, काम लवकर उरकतं म्हणून. बाई म्हणाल्या, "टिनाखाली एप्रिलाची एक दुपार बसून दाखवा, मी टिन टाकू देते. लाइन गेली त पोरायचा पंखा कोण हलवणार?" मी रागारागात सिमेंट ठेवायच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसलो. अर्ध्या तासात बाहेर आलो. छपरावर मातीचे कवेलू चढले. पश्चिमेकडचं मोहाचं झाड मला तोडायचं होतं. त्याची सावली भिंतीवर पडावी म्हणून बाईंनी नकाशात अख्खी इमारतच फिरवली.

"एक फांदी त कापू द्या, बाई."

"एक पान बी नाही."

मिस्त्र्यांना समजावं म्हणून बाई फुटांत बोलत नसत, हातांत बोलत. "खिडक्यांची खालची कड जमिनीपासून दोन हातांवर ठेवा," असं सांगून त्या आठ दिवस नागपूरला गेल्या. मिस्त्र्याचा हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दीड फूट. मी तीन फुटांवर सहा खिडक्या बसवल्या, एकदम ओळंब्यात.

बाई परत आल्या, उकिडव्या बसल्या.

"हे काय बांधलं, ठेकेदार?"

"दोन हात. मोजून घ्या."

"कोणाचा हात?"

"कोणाचा म्हणजे? मिस्त्र्याचा!"

"अन् घर कोणाचं आहे?"

त्यांनी पिशवीतून बांबूची एक कमची काढली. वस्तीतल्या पाच वर्षांच्या मुलीच्या हाताएवढी कापलेली, फूटभरही नव्हती. ती भिंतीला दोनदा लावून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरायसाठी घर सांगतलं होतं, तुम्ही त पोलीस चौकी बांधून ठेवली." मिस्त्री मोठ्यानं हसले. बाईंना 'हातवाल्या बाई' हे नाव त्या दिवसापासून पडलं. मी थापी फेकली. "नकाशात लिहायचं होतं! मी नाही तोडत!"

काम दोन दिवस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी मी सामान उचलायला गेलो. साइटवर कुणी नव्हतं. कुणी बघत नाही म्हणून मीही उकिडवा बसलो. वर थोडं आभाळ, बाकी नुसती भिंत. रस्ता दिसत नव्हता. माझी आई तिरोडीच्या खाणीत कामाला होती. ती येताना दिसावी म्हणून मी घागर पालथी घालून, तिच्यावर चढून खिडकीत उभा राहायचो. पहिली वीट मी स्वतः काढली. फुटलेल्या विटाही बाईंनी टाकू दिल्या नाहीत, सगळ्या जमिनीच्या भरावात घातल्या.

राग मात्र गेला नाही. काम संपत आल्यावर मी विचारलंच, "बाई, चूक तुमची होती का नाही?"

"हौ, माझी होती. कमची आधी दाखवायची होती."

"मंग मले सगळ्यायसमोर काहून बोलल्या?"

"एकट्यात सांगतलं असतं त तुम्ही भाव केला असता. सहा इंच खाली करून सौदा मिटवला असता."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पण चूक त्यांनी कबूल केली ती माझ्या एकट्यासमोर. मिस्त्र्यांसाठी मी पोलीस चौकीवालाच राहिलो. तरी संध्याकाळी त्या खिडक्यांवर कोपरं टेकून रस्त्याकडे बघणारी पोरं दिसली की मी सायकल हळू करायचो. पुढे मी जितकी घरं बांधली, त्या प्रत्येक घरात आधी उकिडवा बसलो.

काही वर्षांनी लांजीहून बोलावणं आलं. तिथल्या शाळेला तसंच घर हवं होतं. माझं नाव कुणी सांगितलं, असं मी हेडमास्तरांना विचारलं.

"बाईंनी. मागच्या साली आल्या होत्या. म्हणे, माणूस तापट आहे, भांडेल. पण चूक माझी होती अन् भिंत त्यानं तोडली. काम त्यालेच द्या."

"हे तुम्हाले एकट्याले सांगतलं?"

"नाही जी, भरल्या बैठकीत. वीसेक लोक होते."

बाई वारून तेव्हा चार महिने झाले होते. वीस लोक होते खरे, पण माझा एकही मिस्त्री त्यांत नव्हता.