नव्वदवर अडलेला गुडघा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझ्या गुडघ्याची गोष्टच अशी आहे, की सांगताना मलाच कळत नाही हसू का रडू!

नामपूरला ओट्यावरून पाय घसरला आणि गुडघ्याची वाटी मोडली. माझा मुलगा प्रशांत मला नाशिकला घेऊन आला, खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. तिच्याकडे दोन पट्ट्या जोडलेलं एक मोजमाप. एक पट्टी मांडीला, दुसरी पोटरीला लावायची, की गुडघा किती अंश वाकला ते दिसतं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काकू, एकशे तीसपर्यंत वाकला की तुम्ही सुटलात!"

सुटले? म्हणजे परत नामपूर! एवढ्या मोठ्या घरात मी एकटी. हे गेल्यापासून भिंतींशी बोलायचंच तेवढं बाकी होतं. इथे सून सकाळी चहा हातात देते, संध्याकाळी शेजारी येऊन बसते. मला राहायचं होतं हो! पण "राहू का रे?" असं आई मुलाला विचारते का? आमच्यात तरी नाही. मुलानं आग्रह करायचा असतो.

मग काय, नव्वदला पट्टी आली की मी किंचाळायचे! आणि सगळे बाहेर गेले की खुशाल मांडी घालून लसूण सोलायचे.

ती मुलगी बिचारी चक्रावली. पट्टीच बिघडली असेल म्हणून दुसरी आणली. मोबाइल पायाला धरून मोजलं. नव्वद म्हणजे नव्वद! सुनेनं डिंकाचे लाडू केले. प्रशांत ऑफिसातून दमून येऊनही माझा गुडघा चोळत बसायचा. लाडू खाताना मला फार लाज वाटायची. खाल्ले मात्र सगळे.

एका रविवारी तो मान खाली घालून म्हणाला, "आई, उद्या गाडी सांगितलीय. नामपूरला सोडतो तुला."

मी विचारलं, "का रे? काय झालं?"

"लिफ्ट नाही इथे. असा पाय घेऊन तीन जिने कशी चढशील? तिथे निदान अंगणात तरी बसशील. आम्ही तर तुला कायमचंच ठेवून घेणार होतो गं."

घ्या! राहायला मिळावं म्हणून गुडघा आखडला, आणि गुडघ्यानंच माझी गाडी ठरवली! घाबरले की माझ्या तोंडून थेट अहिराणीच बाहेर पडते. "मना गुडघा चांगला शे रे!" म्हणत मी फरशीवर धपकन मांडी घालून बसले.

दोघं बघतच राहिले. आधी सून हसली, मग प्रशांत. "अगं, एकदा विचारायचं तरी!" म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. मलाही रडू फुटलं. किती दिवस वाया घालवले होते मी, एक साधं वाक्य तोंडातून काढायला!

"चल, ऊठ आता. गाडीवाल्याला नको म्हणून सांगतो."

उठायला गेले, तर त्या धपकन बसण्यानं गुडघ्यात खरीखुरी कळ आली. "अरे, उठवत नाही! खरंच दुखतंय रे, हात द्या कुणीतरी!"

दोघंही सोफ्यावर पोट धरून हसत होते. कोण देतंय हात!