राणीला हलवू नका

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये त्याला सगळे मुंगीशेठ म्हणत. त्याचं काम प्लॅस्टरचं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत तो पातळ कालवलेलं प्लॅस्टर ओतायचा, थरथरत्या टेबलावर ठेवून त्यातले बुडबुडे काढायचा आणि साचा घट्ट झाला की कुणा अनोळखी माणसाचं तोंड हातात धरून नीट न्याहाळायचा. पन्नाशी जवळ आली तरी गप्पा कशाशी खातात हे या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे एकमेकांची उणीदुणी काढत, आणि हा उरलेल्या प्लॅस्टरमधून मुंग्यांची घरं ओतत बसे.

घरं म्हणजे खरोखरच घरं. चपट्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशी तो मुलांच्या खेळातली रंगीत माती थापायचा. मोठा गोळा ही राणीची खोली, लहान गोळे अंड्यांसाठी, आणि मधल्या वळ्या म्हणजे बोगदे. वरून प्लॅस्टर ओतायचं, सुकलं की उलटं करायचं आणि माती कोरून काढायची. एका कोपऱ्यात स्पंजाचा तुकडा बसवायचा. त्याला पाणी पाजलं की त्या बाजूच्या भिंती ओलसर राहत, दुसऱ्या बाजूच्या कोरड्या, आणि कुठे राहायचं ते मुंग्या आपलं आपण ठरवत. वर काच, काचेवर लाल कागद. लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांना अंधार वाटतो आणि आपल्याला सगळं दिसतं. फिरायला आणि खायला एक उघडा डबा नळीने जोडलेला, त्याच्या काठाला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर फासलेली, म्हणजे पळून जाणाऱ्या मुंगीचा पाय घसरावा. एकदा झाकणासाठी त्याने कवळीचंच गुलाबी मटेरियल वापरलं, तेव्हा पॉलिश करणारा म्हणाला, "शेठ, तुमच्या घराला हिरड्या आल्या. दात कधी बसवताय?" सगळे हसले. याला उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर.

पण घर बांधणं हा पुढचा भाग. आधी राणी मिळायला हवी, आणि मिळालेली राणी टिकायला हवी. पंख गळलेली एकटी राणी सापडली की ती काचेच्या नळीत ठेवायची. नळीच्या तळाला पाणी, ते कापसाच्या बोळ्याने अडवलेलं, तोंडाला दुसरा बोळा. मग ती नळी अंधारात ठेवून विसरून जायचं. राणी काही खात नाही, स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवते. सुरुवातीला याला धीर नव्हता. येता-जाता तो बॅटरी लावून बघायचा, नळी हलवायचा, आणि घाबरलेल्या राण्या आपलीच अंडी खाऊन टाकायच्या. अशा कितीतरी राण्या त्याने प्रेमापोटी मारल्या. शेवटी त्याने खण रिकामा करून त्यात नळ्या ठेवल्या आणि बाहेर चिठ्ठी चिकटवली: राणीला हलवू नका. एकट्याच्या घरात ही चिठ्ठी कुणासाठी होती, देव जाणे. पण तेव्हापासून त्याच्या राण्या जगू लागल्या आणि एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली, की जपायचं म्हणजे हात लावायचा नाही.

अशा घरात ताई राहायला आली.

ताई त्याची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. बटणं, दोरे, लेस विकणाऱ्या दुकानात तिचा सगळा जन्म गेला, आणि त्या दुकानात लोक बटणांपेक्षा तिच्या बोलण्यासाठी जास्त येत. ती बोलायला लागली की समोरच्याची बस चुकायची. लहानपणी शाळेत याच्या वतीने उत्तरंही तीच देई. दाजी, म्हणजे तिचा नवरा, कधी वैतागून म्हणत, "हिला जन्मताना चावी दिली ती अजून उतरली नाही." आणि ते दाजी एका सकाळी बसल्या जागी गेले. दिवसकार्य आटोपल्यावर ताई दोन पिशव्या घेऊन धाकट्या भावाच्या दारात उभी राहिली. ती एक शब्दही बोलली नाही.

त्याचा जीव तुटला, हे खरं आहे. त्याने आपली झोपायची खोली तिला दिली. खिडकीला जाड पडदा लावला. ती आत जाऊन पडून राहिली, तेव्हा त्याने दार अलगद ओढून घेतलं, कडीचा आवाजही होऊ दिला नाही. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचा. रेडिओ बंद केला, घरात चवड्यांवर चालू लागला. शेजारच्या बाई भेटायला आल्या तर त्यांना बाहेरच थांबवून म्हणाला, "आत्ता नको. तिला शांतता हवी आहे." शेजारीण म्हणाली, "तिने सांगितलं का तसं?" याने दार लोटून घेतलं. सांगायला कशाला हवं, त्याला कळत होतं. आणि खरं बोलायचं तर ते त्याच्या सोयीचंही होतं. रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायची त्याने खटपटही केली नव्हती.

एका संध्याकाळी तो टेबलाशी बसून नव्या घराचे बोगदे कोरत होता. शेजारी नळी होती. त्या राणीची पहिली पिल्लं कोशातून बाहेर येत होती, आणि असा क्षण त्याने याआधी कधी पाहिला नव्हता. ताई आपणहून खोलीतून बाहेर आली. स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा घेऊन आली. तिने एक कप त्याच्यासमोर ठेवला आणि स्टूल ओढून जवळ बसली.

"ऐक ना रे," ती म्हणाली. "मला तुला..."

त्याने नळीवरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

ताई थांबली. तिने नळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, स्टूल न वाजवता उचलून जागेवर ठेवलं आणि चवड्यांवर चालत खोलीत गेली. दार तिने स्वतःच ओढून घेतलं, अगदी अलगद. त्याला बरं वाटलं. ताईलाही आता या घराची रीत उमगली, असं त्याच्या मनात आलं. त्या रात्री त्याने तिच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

काही महिन्यांनी दाजींची पुतणी येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली. पुतणीचं घरातच शिवणकामाचं छोटं वर्कशॉप होतं, काजं-बटणं करायला माणूस हवं होतं. निघताना ताईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "फार केलंस माझं." त्याला ते मनापासून खरं वाटलं. ती राणी तोवर चांगली फोफावली होती, तिला त्याने मोठ्या घरात हलवलं होतं. दोन्ही कामं तडीस गेली, असाच त्याचा हिशेब होता.

मग एकदा पुतणीचा फोन आला. ताईचा जुना चष्मा तिथे राहिला आहे का, एवढंच विचारायचं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, "मामा, रागावू नका, पण काकू तुमच्याकडून आली तेव्हा कुजबुजतच बोलायची. आम्हाला वाटलं घसा बसलाय. नंतर म्हणाली, माझ्या भावाला घरात माणूस सोसत नाही गं, चांगला आहे पण सोसत नाही. मी होते तोवर बिचारा श्वाससुद्धा जपून घ्यायचा."

चष्मा टेबलाच्या खणात होता. आहे म्हणून सांगून त्याने फोन ठेवला. त्याला त्या दोन चहाच्या कपांची आठवण झाली. आपला कप आपण प्यायलो होतो की नाही, हेही त्याला आठवेना. लाज वाटली, आणि नंतर भीती. ताई हे असंच धरून बसली आणि एक दिवस तीही दाजींसारखी गेली, तर? तिला आयुष्यभर वाटत राहणार होतं की ज्याला हाताने भरवलं त्याने तिला ओझं मानलं. त्याने लॅबमधून रजा घेतली आणि चष्मा घेऊन बस पकडली. वाटेत त्याने एक वाक्य घोकलं: ताई, मला तुझी अडचण कधीच नव्हती.

वर्कशॉप गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येत होतं. मशिनी धडधडत होत्या, बायका हसत होत्या आणि सगळ्यांच्या वरताण ताईचा आवाज होता. कुणा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजबद्दल ती काहीतरी सांगत होती. तो दारात थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आपली ताई सापडली होती.

ती त्याला बघून लगबगीने उठली. "अगं बाई, आलास?" मग मागे वळून तिने हात खाली केला. "जरा हळू गं. माझा भाऊ आलाय, त्याला गडबड चालत नाही." मशिनी थांबल्या. तिने त्याला आतल्या खोलीत नेलं, पडदा ओढला, उशी थोपटली.

"ताई, मला तुझी अडचण कधीच नव्हती," तो म्हणाला. घोकलेलं होतं म्हणून ते घोकल्यासारखंच बाहेर पडलं.

"माहीत आहे रे," ती हसली. "दमलायस. पड जरा निवांत." आणि तिने दार ओढून घेतलं. कडीचा आवाजही झाला नाही.

तो पलंगावर बसून राहिला. बाहेर कुणीतरी शिंकलं आणि कुणीतरी त्या शिंकेला गप्प केलं. ते त्याला सोसवेना. त्याने उठून दार उघडलं, बाहेर आला आणि एक रिकामं स्टूल ओढून ताईसमोर बसला. स्टूल फरशीवर चांगलंच करकरलं. बायका बघत राहिल्या.

"मला झोप नको," तो म्हणाला. "तू मला काहीतरी सांगणार होतीस. चहा घेऊन आली होतीस तेव्हा. ते सांग."

"इतकं जुनं? राहू दे रे."

"सांग ना, ताई."

तिने हातातलं बटण आणि सुई खाली ठेवली. मग सांगायला लागली. त्या सकाळी दाजींचं डोकं दुखत होतं आणि ती नेहमीसारखी बोलत होती. ते म्हणाले, जरा वेळ गप्प बस गं. तिला राग आला. ती आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि मुद्दामच गप्प बसून राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा ते गेलेले होते. बोलत असते तर त्यांचं उत्तर आलं नाही हे लगेच कळलं असतं.

"मला विचारायचं होतं तुला," ती म्हणाली, "की माझं चुकलं का? बाकी कुणाला विचारणार?"

मघाशी जिचा आवाज गल्लीपर्यंत येत होता, ती हे सगळं इतक्या हळू बोलत होती की ऐकायला त्याला पुढे वाकावं लागलं. "मोठ्याने बोल, ताई," तो दोनदा म्हणाला. तिने मान हलवली, प्रयत्नही केला. पण त्याच्यासमोर तिचा आवाज काही वर चढला नाही.