माझ्या ओळींवर विश्रामचं नाव

धारगळच्या हमरस्त्यावर ट्रकने विश्रामला चिरडलं. फोन आला तसा मी धावलो. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता... डाव्या हाताच्या तीन वाकड्या बोटांवरून मी सांगितलं, हा विश्रामच. ती बोटं माझ्यामुळे मोडली होती, हे मात्र तिथेही बोललो नाही.

आम्ही शाळेतले एका बाकावरचे. राजभाषा कोकणी की मराठी, या आंदोलनात तो कोकणीवाला, मी मराठीवाला. म्हापशाच्या स्टँडवर दगड उडाले, त्याचं कपाळ फुटलं. दुसऱ्या दिवशी टाके घेऊन तो माझ्याच शेजारी येऊन बसला. पुढे डिचोलीजवळच्या एका खाणीवर वजनकाट्याच्या संगणकाचं काम आम्हा दोघांना मिळालं. काटा आणि संगणक जोडणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्रणेच्या अगदी गाभ्यात चालणारा प्रोग्राम, मी लिहिला होता. ट्रकचालकाचं नाव आलं की अक्षरं मोजायची, तेवढी जागा मेमरीत मागायची, नाव तिथे उतरवायचं. नाव संपल्याच्या खुणेलाही एक जागा लागते. ती मी धरलीच नव्हती. ती खूण शेजारच्या जागेत घुसायची आणि कधीतरी अख्खा संगणक आडवा व्हायचा.

एका आठवड्यात तिसऱ्यांदा तसं झालं. भर उन्हात ट्रकांची रांग तुंबली. चालक लोखंडी कांबी घेऊन केबिनमध्ये घुसले. काचा फुटल्या, संगणकाचा पडदा फुटला. "ह्यां कोणी केल्यान?" एकाने माझी कॉलर धरली. दुसऱ्याने माझ्या चष्म्यावर कांब उगारली. विश्राम मध्ये आला. "चूक म्हजी. ताका सोड." कांब त्याच्या हातावर बसली, पुन्हा बसली. हाडांचा तो आवाज...

हाताला प्लास्टर घेऊन तो कामावर परतला. माझ्या कोडात ती मोजामोज अकरा ठिकाणी होती. एका हाताने त्याने ती उपटून काढली आणि प्रत्येक ठिकाणी एकच तयार फंक्शन घातलं, जे स्वतःच मोजतं, जागा घेतं, नाव उतरवतं. मी म्हटलं, साहेबांना खरं सांगतो. त्याने मला गप्प बसवलं. "वोगी राव रे. तुजो चष्मो म्हारग. म्हजीं बोटां फुकट." मी हसलो आणि गप्प राहिलो. कायमचा.

गेल्या आठवड्यात त्याच्या पेडण्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याच्या कपाटातला एक कागद पुढे केला. माझ्या जुन्या कोडाची छापील प्रत, त्या मोडतोडीनंतर खाणीवर झालेल्या चौकशीत त्याने दिलेली. वर लेखक म्हणून त्याचं नाव.

"ह्यांची चूक ही," वहिनी म्हणाल्या. "बोटं ठणकली की म्हणायचे, एक महाग चष्मा वाचला. कुणाचा, ते कधी सांगितलं नाही."

मी पेन काढलं. त्याचं नाव खोडून माझं लिहिलं.

वहिनींनी कागद पाहिला. मग माझा चष्मा.