आधी त्याला खुर्ची द्या

एका माणसाचे किस्से किती असावेत याला काही मर्यादा? पार्सिपनीत शनिवारी कुणाच्याही बेसमेंटमध्ये आम्ही जमलो, की पोह्यांच्या दुसऱ्या प्लेटपर्यंत नानांचा विषय निघतोच. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला त्याच्या पुढचा आठवतो. मी २००१ मध्ये नागपूरहून एच-वन व्हिसावर इथे अमेरिकेत आलो. तेव्हापासून माझ्याकडेच इतके साठलेत की बायको म्हणते, आधी गराज रिकामं कर, मग नवीन साठव.

नाना म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या सुधीरकाकांचे वडील. महाराष्ट्र सरकारात ते चौकशी अधिकारी होते. कुठल्याही सरकारी माणसावर गैरवर्तनाचा आरोप झाला, की तो खरा की खोटा हे तपासायचं काम त्यांचं. रिटायर झाले, नानी गेल्या, आणि ते मुलाकडे आले. नोकरी सुटली होती, सवय नव्हती सुटली.

*

मंडळाचा गणपती होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. नाटकाचं मध्यंतर संपत आलं आणि फायर अलार्म वाजला. सगळी मंडळी साड्या-झब्ब्यांत पार्किंग लॉटमध्ये, समोर फायर ब्रिगेडच्या गाड्या, आणि शाळेचा निरोप, पुढच्या वर्षी हॉल विसरा.

नाटकवाल्या पाठकने स्टेजच्या धुरासाठी मशीन आणलं होतं. त्यामुळे त्याला कमिटीतून काढायचं हे मीटिंगच्या आधीच ठरलं होतं. नानांना फक्त ज्येष्ठ म्हणून बोलावलेलं. सगळे बसले, नाना उभेच. अध्यक्ष म्हणाले, बसा ना नाना.

"पाठक कुठे बसलाय?"

पाठक बिचारा फ्रिजला टेकून उभा होता.

"आधी त्याला खुर्ची द्या, मग मी बसतो."

खुर्ची आली. समोर बसलेल्या माणसावर ओरडणं जरा अवघडच जातं. मग नाना एकेकाला विचारत गेले. अलार्म वाजला तेव्हा पाठकचं मशीन चालू होतं का? नव्हतं, धुराचा सीन पुढच्या अंकात होता. मग धूर आला कुठून? सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. प्रमुख पाहुणे उशिरा आले होते, म्हणून त्यांच्यासाठी मध्यंतरात पुन्हा आरती झाली होती. ढीगभर कापूर, बरोब्बर स्मोक डिटेक्टरच्या खाली. पेटवला होता अध्यक्षांनी.

अध्यक्षांनी कुणी न सांगता स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली.

*

नानांच्या तिकडच्या नोकरीतला एक किस्सा आम्ही त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतो. निलंबित झालेला एक इंजिनीअर चौकशीला आला होता. बडे साहेबही हजर. शिपायाने सगळ्यांना चहा दिला आणि इंजिनीअरला वगळलं. का, तर तो निलंबित आहे म्हणे!

"अरे, माणूस निलंबित आहे. चहा नाही झालेला निलंबित," नाना शिपायाला म्हणाले.

पुढे त्या इंजिनीअरवर आरोप सिद्ध झाला आणि नानांनीच तसा अहवाल दिला. चहा मात्र त्याने पूर्ण प्यायला होता, हे सांगताना नानांना आजही बरं वाटतं.

*

रूट एटी हायवेवर मला स्पीडिंगचं तिकीट मिळालं. मी मुकाट्याने पैसे भरणार होतो, पण नाना कसले ऐकतात! कोर्टात जायचंच. स्वतः कोट घालून बरोबर आले आणि माझ्यापेक्षा उत्साहाने बाकावर बसले. जजने माझं म्हणणं ऐकून घेतलं, पोलिसालाही विचारलं आणि मला व्यवस्थित दोषी ठरवलं. मी तोंड पाडून बाहेर आलो. नाना एकदम खुशीत.

"दंड झाला ते सोड रे. तुला विचारलं की नाही?"

*

या खुर्चीचं मूळ मला फार उशिरा कळलं. बर्फाच्या वादळात ऑफिस बंद होतं, मी त्यांच्याकडे अडकलो होतो, तेव्हा नानांनी सांगितलं.

इंग्रजांच्या काळात नानांचे वडील मामलेदार होते. गोऱ्या साहेबासमोर खुर्ची मिळणं हा तेव्हा मोठा मान, आणि तो द्यायचा की नाही हे साहेबाच्या मर्जीवर. तालुक्यातून सत्याग्रही चालले होते. भर उन्हाळा. मामलेदारांनी त्यांना कचेरीच्या विहिरीचं पाणी पाजलं. कुणीतरी चुगली केली आणि कलेक्टरने बोलावून घेतलं. साहेब बसलेला, मामलेदार उभे. आरोप धड वाचून दाखवला नाही, साक्षीदार बोलावला नाही. साहेब नुसता ओरडत होता, सरकारचं पाणी सरकारच्या शत्रूंना का दिलं म्हणून.

"पाऊस सरकारने पाडला नव्हता, साहेब," मामलेदार म्हणाले.

नोकरी त्याच दुपारी गेली. नाना हे वाक्य छाती पुढे काढून सांगतात, आणि सांगताना मलाही उगाच ताठ बसावंसं वाटतं. त्या दिवशी मात्र पुढे म्हणाले, "आरोपीची बाजू ऐकायची हा नियम साहेबाचाच होता रे. वाईट नोकरीचं नाही वाटत. बाबांना तो बसा म्हणाला नाही."

*

सुधीरकाकांची मुलगी इरा. जन्म इथला, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. ती वकील झाली तेव्हा नानांनी अख्ख्या कॉम्प्लेक्सला पेढे वाटले. मग तिने एका टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लीगल ऑफिसात नोकरी धरली. टाउनशिपच्याच कर्मचाऱ्यांवर गैरवर्तनाचे आरोप ठेवायचे आणि ते लढवायचे हे तिचं काम. नानांचा चेहरा उतरला.

"म्हणजे ही साहेबाच्या बाजूला बसणार."

"समबडी हॅज टू, आजोबा."

त्यानंतर दोघं एका टेबलावर जेवायचे, पण बोलणं आमटीपुरतं. नाना मला एकदा म्हणाले, हिला लहानपणापासून इतकं सांगितलं, पण ही कानात ते हेडफोन घालून बसायची, ऐकलं कुठे असणार?

२००७ मध्ये तिची पहिली सुनावणी लागली. न बघताच एक जिना पास केल्याचा आरोप असलेला बिल्डिंग इन्स्पेक्टर. सुनावणी सगळ्यांसमोर घ्या, असं त्यानेच मागितलं होतं. सुधीरकाका टूरवर, काकूंची हॉस्पिटलमध्ये ड्युटी. नानांना मी ड्राइव्ह करून नेलं.

खोली लहान. इन्स्पेक्टरच्या टेबलाशी एकच खुर्ची, तिच्यावर त्याचा युनियनवाला बसलेला. इन्स्पेक्टर, पांढऱ्या केसांचा माणूस, हातात टोपी घेऊन उभा. सुनावणी घेणारे साहेब कागद चाळत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. नानांनी काठी रोवली आणि उठायला लागले. मी त्यांची बाही धरली.

"नाना, प्लीज. तिची पहिली केस आहे."

बाही सोडवून नाना अर्धे उठले होते. तेवढ्यात इरा उठली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्या माणसाच्या मागे नीट ठेवली.

"प्लीज सिट डाउन, सर. देन वी विल बिगिन."

तो बसला. मग तिने उभ्यानेच आरोप वाचले. एकही शब्द सौम्य केला नाही. नाना हळूहळू परत बाकावर टेकले.

संपल्यावर इरा फाइल छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये आली.

"सो, आजोबा? से समथिंग."

नानांनी काठी माझ्या हातात दिली. भिंतीशी एक खुर्ची होती, ती दोन्ही हातांनी ओढत तिच्यासमोर आणून ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर स्वतः सरळ उभे राहिले.

"बसा, वकीलसाहेब."