चावडीवरचं काचेचं तोरण

नातसून टाइप करतेय, मी नुसती सांगतेय. बेचाळीसचा श्रावण, आमचं काष्टी गाव… नागपंचमीच्या बांगड्या भरायला राबियाबी टोपली घेऊन आमच्या ओसरीवर बसली होती.

माझा हात तिच्या हातात. ती पंजा दाबून दाबून मऊ करायची, की मला पेंगच यायची… हिरवा, जांभळा, मोरपंखी, सगळे रंग डोळ्यांसमोर तरंगत राहायचे.

तेवढ्यात माझा थोरला भाऊ आला. दादा चळवळीत होता. मागे त्याचे दोस्त.

"राबियाबी, उरलेल्या समद्या बांगड्या दे. पाटलाच्या दारात ठिवायच्यात," तो म्हणाला. "सरकारची चाकरी सोडत न्हाई. बांगड्या भरून घरात बस म्हनावं."

सगळे हसले. आईसुद्धा जरा हसली. मला मात्र हसू येईना… कारण मळ्यातल्या खोपीत लपलेल्या याच पोरांसाठी आई रोज भाकरी न्यायची. डोक्यावर पाटी, वाटेत शिपाई, आणि पाटी धरलेल्या हातात बांगड्याच की.

मी म्हटलं, "दादा, आईच्या हातात काय हाय मग?"

"तू मधी बोलू नगं," म्हणाला. राबियाबी 'देत न्हाई' म्हणेपर्यंत टोपली गेलीसुद्धा.

पोरांनी घोषणा देत टोपली पाटलाच्या उंबऱ्यावर ठेवली. पाटील श्रीगोंद्याला गेलेले. दार उघडलं ते पाटलीणकाकूंनी. त्यांनी टोपली बघितली, पोरांकडं बघितलं आणि ती आत नेली. संध्याकाळी पाटील आले आणि रागानं त्यांनी ती अख्खी टोपली अंगणातल्या दगडी भिंतीवर फेकली.

दुसऱ्या दिवशी पोरी झोक्यावर गेल्या, मी गेले नाही. पाय आपसूक पाटलांच्या अंगणात गेले… काकू खाली बसून काचा वेचत होत्या. ऊन पडलेलं. सगळं अंगण लुकलुकत होतं, जणू कुणी तिथं रंगांचं पाणी शिंपडलंय.

"माझंच लेनं माझ्या दारात शिवी म्हनून ठिवलं गं," काकू म्हणाल्या. "ह्यांनीबी तेच केलं. कुनालाच वाटलं न्हाई, ह्या घरात एक बाई हाय."

मी देवघरातला दिवा उचलून आणला. लहानपणी आम्ही फुटक्या बांगड्यांची साखळी करायचो… ज्योतीवर काच धरली की ती हळूहळू मऊ पडते, वाकते. टोकाला टोक चिकटवायचं, की झाली कडी. मग तिच्यात दुसरी.

काकू बघत राहिल्या, मग शेजारी सरकल्या. पुढं रोज दुपारी आम्ही बसायला लागलो. राबियाबीही यायची. आणखी बायका आल्या, पदरात आपापल्या काचा घेऊन. बाहेर तारखात्याच्या तारा तुटत होत्या, पोलिसांची गाडी येत होती, एक दिवस दादालाही धरून नेलं… आत आम्ही ज्योतीकडं बघत बोलायचो. एकीचा नवरा न सांगताच तुरुंगात गेला होता. एकीला घरचे सभेत बसू देत नव्हते. ज्या गोष्टी कधीच कुणापुढं निघाल्या नव्हत्या, त्या तिथं निघाल्या. त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात.

साखळ्यांचं तोरण दारापेक्षा लांब झालं, तेव्हा मी विचारलं, "काकू, लावायचं कुठं?"

"चावडीला," काकू म्हणाल्या. "तितंच तर समदे पुरुष येत्यात. सरकारचे बी आन् चळवळीचे बी."

सकाळी आम्ही सगळ्या मिळून गेलो आणि चावडीच्या दाराला ते बांधलं. इतकं खाली, की कुणालाही वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. हवालदार ओरडला, "काढा ते." आम्ही जागच्या हललो नाही.

पाटील बाहेर आले. काचा त्यांनी ओळखल्या असणार. त्यांनी काकूंकडं बघितलं. मग हवालदाराला हळूच म्हणाले, "राहू द्या. माझ्या घरचं हाय."

दादा सुटून आला तो थंडीत. सुटलेल्यांना चावडीत हजेरी द्यावी लागे. मी लांबून बघत होते… तो आत जाताना वाकला आणि तसाच थांबला. पांढऱ्या सदऱ्यावर त्याच्या हिरवे-जांभळे डाग हलत होते. हे काय आहे ते पाटलांनीच त्याला सांगितलं.

मग तो घरी आला. जेवायची वेळ झाली तशी चुलीपाशी गेला आणि म्हणाला, "आई, तू बस. इंदे, तूबी बस. आज मी वाढतो."

त्याला वाढता येत नव्हतं. आमटी ताटाबाहेर गेली. आई मात्र ताटाकडं नुसती बघत बसली… एक पुरुष वाढतोय आणि आपण बसून जेवायचं, तर पहिला घास कसा घ्यायचा, तेच तिला कळेना.

मीच मग तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. काकू गेल्या, राबियाबी गेली, आईही गेली. त्या दुपारी त्यांनी मला आपल्यात बसू दिलं, म्हणून मी आज हे सांगू शकतेय.