गरम हवा जाणार कुठून?

आमच्या मुक्तानं पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर जोडायला घेतलाय. पंखे मी बसवून दिले. आज तिनं त्याच्या पेटीपुढे उदबत्ती धरली. धूर पुढच्या जाळीतून आत गेला आणि आतच घुटमळत राहिला.

"बाबा, वरच्या रेडिएटरचे पंखे उलटे बसवलेत तुम्ही! सगळेच हवा आत ओढतायत. गरम हवा जाणार कुठून?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

मुक्ता लहान असताना एका थंडीत मी बाथरूमचा झरोका पुठ्ठ्यानं बंद केला होता, गार वारा येतो म्हणून. आत गॅसचा गीझर होता, त्याचा गॅस बाहेर जायला तेवढीच वाट. सकाळी बायकोची आंघोळ फार लांबली. कडी तोडून आत गेलो तर ती फरशीवर पडलेली. संकष्टी होती. सगळे म्हणाले, उपासानं चक्कर आली. मी मान डोलावली, आणि ती दवाखान्यात असताना तो पुठ्ठा गुपचूप काढून टाकला.

तिनं तेव्हापासून उपास करणंच सोडलं. "माझ्याच्यानं देवाचं एवढंही होत नाही," असं अजून म्हणते. मी ऐकून घेतो. बंद दारामागे पाण्याचा आवाज आला की अजून मी धास्तावून दाराशी जाऊन उभा राहतो. पण त्याहून भीती वाटते ती तिच्याकडे बघायची. कोंडलेली हवा दिसत नाही, नुसती तापत जाते.

मुक्तानं वरचे पंखे काढून उलट बाजूनं बसवले. धूर वरून सरळ बाहेर पडला.

"भरदुपारी उदबत्ती कुणी लावली?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"जरा इकडे ये," मी म्हटलं. "त्या दिवशी तुला उपासानं चक्कर आली नव्हती."